नागमोडी रेघ

"आयुष्यभर तुम्ही जमिनी मोजल्यात. आता कधी महाभारतावर, कधी कृष्णविवरांवर, कधी उत्खननात सापडलेल्या हाडांवर व्याख्यानं ऐकत फिरता. तुम्हाला त्यातलं कळतं तरी काय?" हा प्रश्न मला शेजारी विचारतात, खात्यातले जुने सहकारी विचारतात आणि घरच्या लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा कुतूहलच असते, पण उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझे कधी समाधान झालेले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. गावोगाव जाऊन हद्दी मोजणे, खुणा दाखवणे आणि नकाशा करणे हे माझे काम होते. दोन भाऊ बांधाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले असत आणि दोघांचेही लक्ष माझ्या हाताकडे असे. जुनी खूण सापडत नसली, शेजारच्या गटाचे माप जुळत नसले, तरी शेवटी कागदावर एक रेघ काढावीच लागे आणि ती पक्की काढावी लागे. ती रेघ कोणत्या पुराव्यावर उभी आहे, त्यातला किती भाग खात्रीचा आणि किती भाग तर्काचा, हे नकाशा पाहून कोणालाही कळत नसे. या गोष्टीची रुखरुख मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच लागली होती, परंतु तिला शब्द मिळाले ते एका व्याख्यानात.

पुण्यात बदली होऊन आल्यावर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर एका अभ्यासकाचे भाषण आहे असे कळले, म्हणून कचेरी सुटल्यावर गेलो होतो. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले, त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्यांमधला एकेक श्लोक पत्रकावर समोरासमोर मांडून कोणता पाठ अधिक जुना हे ठरवले गेले, ही माहिती ऐकत असताना मी थक्क होत होतो. पण माझ्या मनात कायमची राहिली ती एक लहानशी गोष्ट. वक्त्याने छापील पानाचे चित्र पडद्यावर दाखवले आणि काही अक्षरांखालच्या नागमोडी रेघेकडे आमचे लक्ष वेधले. जिथे संपादकांना आपण स्वीकारलेल्या पाठाची पुरती खात्री वाटत नव्हती, तिथे त्यांनी त्या अक्षरांखाली ही रेघ छापली होती. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले आणि नंतर संस्कृतकडे वळलेले, हे त्याच संध्याकाळी कळले आणि त्या रेघेचा उगम कुठे असेल याचा मला अंदाज आला.

त्या सभागृहात एक वृद्ध गृहस्थ प्रश्नोत्तरांच्या वेळी उभे राहिले. द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग सभापर्वाच्या मूळ पाठात घेतलेला नाही, याचे त्यांना फार दुःख झाले होते आणि त्यांचा आवाज कापत होता. वक्त्याने घाई केली नाही. त्याने सांगितले की वगळलेला एकही श्लोक फेकून दिलेला नाही, प्रत्येक श्लोक कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही हे तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदलेले आहे, आणि संपादकांनी आपला निर्णय वाचकाला तपासता यावा अशा रीतीनेच मांडलेला आहे. श्रद्धेचा अपमान न करता आणि पुराव्याशी तडजोडही न करता दिलेले असे उत्तर मी तोवर ऐकले नव्हते. त्या वर्षापासून मी व्याख्यानांना नियमाने जाऊ लागलो.

माझे उत्तर खरे म्हणजे एवढेच आहे. मी विषय शिकायला जात नाही, कारण तासाभरात कोणताही विषय शिकता येत नाही. त्या विषयात आयुष्य घालवलेला माणूस "इथपर्यंत पुरावा आहे, इथून पुढे माझा तर्क आहे" असे कोणत्या जागी म्हणतो, ती जागा ऐकायला मी जातो. पुस्तकातही ती जागा असते, पण वाचताना ती माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाच्या नजरेतून निसटते, तर समोर उभा असलेला माणूस तिथे आला की त्याचा आवाज सावकाश होतो, तो शब्द निवडू लागतो आणि ते मला ओळखू येते.

इनामगावचे उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथे लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत असत, आणि मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखालचा भाग नसे, कारण पुरताना पावले तोडलेली असत. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या भांड्यात बसवलेले होते आणि त्याची पावले शाबूत होती. या विषयावरच्या व्याख्यानात माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने विचारले की पावले का तोडत असतील. मृताने परत फिरू नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते, हे वक्त्या बाईंनी सांगितले आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पावलं नाहीत हे हाड सांगतं. का नाहीत ते हाड सांगत नाही, ते आपण म्हणतो." त्यांनी अक्षरांखाली रेघ काढली नव्हती, पण मला ती दिसली.

विज्ञानाच्या व्याख्यानांत ही रेघ अधिक काटेकोर असते, तिला आकडा असतो. मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. औंढा नागनाथाला लहानपणी आईबरोबर अनेकदा गेलेलो. त्यामुळे गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणाऱ्या अतिक्षीण लहरी, टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढ्याजवळ होणार असे वाचले तेव्हा या विषयावरचे एकही जाहीर भाषण चुकवायचे नाही असे मी ठरवले. आमच्या सुदैवाने पुण्यात त्यांची वाण नाही, कारण गोंगाटातून असा क्षीण संकेत गणिताने कसा वेगळा काढावा, या प्रश्नावर आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, अशी लहर प्रत्यक्ष सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम केलेले आहे. चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये आरशांवरून परतत लेसरचा किरण फिरतो आणि लहर येऊन गेली की त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, हे ऐकल्यावर मोजणीच्या माणसाच्या मनात काय येत असेल ते मी सांगायला नको. आम्ही शेताच्या मापात वीतभर फरक सोडून देत असू.

पण मला सर्वांत अधिक काय भावले असेल तर ती २०१० सालची हकीकत. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या काही मोजक्या लोकांनी, बाकी कोणाला न सांगता, यंत्रांत एक खोटा संकेत सोडला होता. असे होऊ शकते याची सर्वांना कल्पना होती, परंतु हाच तो संकेत आहे का हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याची छाननी केली, शोधनिबंधाचा मसुदा लिहून काढला आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष लिफाफा उघडला तेव्हा तो संकेत बनावट असल्याचे जाहीर झाले. आपली पारख खरी आहे का, हे तपासण्यासाठी त्यांनी स्वतःलाच असे फसवून पाहिले होते. पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली तेव्हा याही वेळी कोणी मुद्दाम संकेत सोडलेला नाही ना, याची त्यांनी आधी खातरजमा केली, आणि जगाला ती बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी कळली. ही हकीकत सांगणाऱ्या तरुण संशोधकाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून आठवतो. त्यानंतरचे त्याचे गणित मला कळले नाही, हे मी लपवत नाही.

प्रश्नोत्तरांत मी विचारले की किल्लारीसारखा भूकंप झाला तर या यंत्रांचे काय होईल. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या गावठाणांच्या मोजणीसाठी मी त्या भागात महिनोन्महिने राहिलेलो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनात अगदी सहज आला. जमिनीची कंपने आरशांपर्यंत पोचू नयेत म्हणून आरसे एकाखाली एक अशा लोलकांना टांगलेले असतात, तरीसुद्धा दूरच्या मोठ्या भूकंपानेही यंत्राचा तोल जातो आणि निरीक्षण थांबवावे लागते, आणि केवळ एकाच ठिकाणी जाणवलेल्या हालचालीला सहसा लहर मानत नाहीत, अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन्ही वेधशाळांत ती काही सहस्रांश सेकंदांच्या आत दिसावी लागते, असे त्याने मला मराठीत समजावून सांगितले. माझ्या आयुष्यातल्या एका जागेला असे उत्तर मिळेल अशी अपेक्षा घेऊन मी गेलो नव्हतो.

पुण्यात हे सारे नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांच्या घरात पोचली आहे. त्याआधी, १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ज्ञानप्रसारक सभा काढून मराठीतून आणि गुजरातीतून व्याख्याने दिली होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात आले आणि त्यांनी ब्रिटिश सरकारच्या नियोजित संघराज्य योजनेची चिकित्सा केली. त्या भाषणासाठी तयार केलेला संपूर्ण मजकूर पुस्तकरूपात आज कोणालाही वाचता येतो आणि तो वाचताना माझ्या मनात दर वेळी येते की, इतक्या अवघड मजकुराला सामान्य श्रोता बसू शकतो यावर वक्त्याचा किती विश्वास असेल. श्रोत्याला कळणार नाही म्हणून विषय पातळ करणे हा मला श्रोत्याचा मान वाटत नाही.

आता एक दुखरी गोष्टही सांगतो. एका संस्थेत मॉन्सूनच्या अंदाजावर व्याख्यान होते. पुरंदरकडून आलेल्या एका शेतकऱ्याने मराठीत विचारले की पाऊस सरासरीइतका पडेल असे सांगितले होते, मग आमच्या शिवारात पेरणी दोनदा का करावी लागली. सूत्रसंचालकांनी वेळेचे कारण इंग्रजीत सांगून पुढच्या प्रश्नाकडे बोट केले. तो माणूस खाली बसला तेव्हा मला लाज वाटली आणि मी उठून काही बोललो नाही याची खंत अजून आहे. वक्ते मात्र कार्यक्रम संपल्यावर मंचावरून उतरले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी सांगितले की तो अंदाज सबंध देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांचा मिळून असतो, देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण, आणि एप्रिलमधल्या त्या आकड्याला पाच टक्के इकडे किंवा तिकडे अशी मुभा असते. कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात पाऊस येईल हे त्या आकड्यात नसतेच. शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे पेपरात का लिहीत नाहीत?" नागमोडी रेघ बातमीत येईपर्यंत पुसली जाते, ती अशी. तिची किंमत बियाणे दुसऱ्यांदा विकत घेणारा माणूस चुकवतो, म्हणून तिच्याबद्दल मला इतके वाटते.

जयंत नारळीकरांची एक पद्धत अनेकांना ठाऊक असेल. भाषणानंतर सहीसाठी गर्दी करणाऱ्या मुलांना ते वहीत सही देत नसत, तर पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून ते परत पाठवत. आयुकामध्ये दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात, त्यांतली काही मराठीतून असतात. माझा नातू तिथे एकदा गेला आणि घरी आल्यावर तासभर पृथ्वीचे फिरणे दाखवणाऱ्या फूकोच्या लोलकाबद्दल बोलत राहिला.

माझ्याजवळ एक वही आहे. व्याख्यानात जे कळले ते मी तिच्यात फारसे लिहीत नाही, वक्ता जिथे थांबला ती वाक्ये लिहितो. सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देणार होते, चौथे होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती व्याख्याने पुस्तकरूपाने यायला १९५७ साल उजाडले, हे मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. इनामगावच्या बाईंचे वाक्य सातव्या पानावर आहे. शेजारच्या त्या मुलीनेही ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतले होते आणि तारीख घालायची राहिली म्हणून मला विचारली होती.