तळहाताच्या जुनाट इसबासाठी प्रकाशोपचार : डोंबिवली ते परळ

मलमे लावली की हात सुधारायचे आणि बंद केली की पुन्हा भेगाळायचे. त्वचेवर पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ॲलर्जी तपासणाऱ्या पॅच चाचणीत निकेलची ॲलर्जी निघाली, निकेल कटाक्षाने टाळूनही तळहाताची खाज थांबेना, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी प्रकाशोपचार सुचवला. त्यासाठी परळच्या एका रुग्णालयात ज्या खेपा घातल्या, त्यांचा हा वृत्तांत.

डोंबिवलीहून जलद गाडीने दादर आणि तिथून धीम्या गाडीने परळ हा मार्ग मला सोयीचा पडला. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना प्रभादेवी स्थानक जवळ आहे. पहिल्या दिवशी केसपेपर, तपासणी आणि उपचाराची नोंद यांत सकाळ जाते, म्हणून त्या दिवशी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली बरी. पुढच्या वेळी थेट प्रकाशोपचाराच्या खोलीत जाता येते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात, त्यामुळे चालू औषधांची यादी पहिल्याच भेटीत दाखवावी.

हातांसाठी साधारणपणे दोन पद्धती वापरतात. नॅरोबँड यूव्हीबीमध्ये ३११ ते ३१३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण असतात आणि सोबत औषध लागत नाही. तळहाताची कातडी मुळातच जाड असल्याने अनेकदा पुवा निवडतात. तीत सोरॅलेन हे त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करणारे औषध लावून त्यावर अधिक खोल जाणारे यूव्हीए हे अतिनील किरण देतात. सोरॅलेन आपल्या बावचीच्या बियांतही असते. मात्र म्हणून घरी बावचीचे तेल चोपडून उन्हात बसण्याचा उद्योग कोणीही करू नये, कारण मात्रेवर ताबा राहत नाही आणि हातावर फोड उठतात.

मला पुवा दिली गेली. सोरॅलेन मिसळलेल्या पाण्याच्या टबात हात बुडवून ठेवायचे, कोरडे करायचे, डोळ्यांवर गडद चष्मा चढवायचा आणि निळसर उजेडाच्या पेटीत तळवे पसरायचे. किरणांचा वेळ सुरुवातीला इतका थोडा असतो की एवढ्यासाठी एवढा प्रवास कशाला, असे वाटते. पण मात्रा हळूहळू वाढवणे हेच या उपचाराचे तंत्र आहे. अंगठी घरीच ठेवावी, मेंदी काढू नये, आणि बाहीची कड दर वेळी मनगटावर एकाच जागी राहील असे पाहावे. कड वर सरकली तर मनगटावरचा तोवर झाकलेला पट्टा एकदम पूर्ण मात्रा घेतो आणि भाजतो. निघण्यापूर्वी जाड मलम लावू नये, उपचारानंतर मात्र भरपूर लावावे.

पुवाची लाली त्याच दिवशी दिसत नाही. ती दोन-तीन दिवसांनी भरात येते. त्यामुळे आठवड्यातून दोनदाच बोलावतात. मधल्या काळात हात लाल झाले किंवा चुरचुरले, तर पुढची मात्रा देण्याआधी तंत्रज्ञांना ते आवर्जून सांगावे.

खरी काळजी परतीच्या प्रवासात घ्यावी लागते. सोरॅलेनचा परिणाम पुढचे काही तास टिकतो, म्हणून हात धुऊन, सनस्क्रीन लावून सुती हातमोजे घालावेत. लोकलच्या खिडकीतून ऊन थेट मांडीवरच्या हातांवर येते. दुपारी कल्याणकडे जाताना ठाण्यापर्यंत डाव्या अंगाला पश्चिम असते, तेव्हा उजवीकडची जागा धरावी. पावसाळ्यातही ही शिस्त सोडू नये, कारण यूव्हीए ढगांतून आणि काचेतूनही येते. गर्दीत वरची कडी धरताना मोजा भेगांनाही वाचवतो, हा अनपेक्षित फायदा. शेजारचे प्रवासी रोखून पाहतात, ते पाहोत.

केंद्र निवडताना यंत्र किती नवे यापेक्षा घर किंवा कार्यालय किती जवळ, याला मी अधिक महत्त्व देईन. उपचार काही महिने चालतो, आणि मध्ये मोठा खंड पडला की मात्रा पुन्हा खाली आणावी लागते. मेगाब्लॉक आणि तुंबलेले रूळ धरून हिशेब करावा. मला फरक जाणवायला बराच काळ लागला: आधी रात्रीची खाज गेली, मग भेगा बुजल्या, पण अंगठ्याच्या बेचक्यातला खरखरीतपणा अजून आहे. भांडी घासताना सुती मोज्यावर रबरी मोजा आणि लसूण सोलायला दुसऱ्याचे हात, हे पथ्य चालूच आहे.

प्रत्येक वेळची मात्रा स्वतःच्या वहीतही लिहून घ्यावी. पुवाच्या एकूण मात्रेबरोबर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत जात असल्याने, पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास हा आकडा ते विचारतात, आणि जुने केसपेपर तोवर हाताशी असतीलच असे नाही.