आमची वाटचाल : मिस्त्रींची गाडी शेवटी

कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने देणारे आता पुण्यात पुष्कळ झालेत. २०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि एकाएकी सगळ्यांना या धंद्यात भविष्य दिसायला लागलं. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून हिमाचलातल्या स्पितीला ताफा नेतोय. कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेच्या फॉर्मात आमच्या गाडीसाठी रकानासुद्धा नव्हता. पहिली गाडी सासऱ्यांच्या पैशांवर उभी राहिली आणि मिस्त्रींच्या हातांवर.

मिस्त्री एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणली, सीट उपटल्या, बॉडीवाल्याने पाण्याची टाकी सवयीने मागच्या डिकीत बसवली. मिस्त्रींनी ती उतरवायला लावली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबकळत असेल तर प्रत्येक खड्ड्यात पाट्यांवर, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, हातोडा पडतो. टाकी दोन ॲक्सलच्या मधे, खाली, चासीला लागून आली. आमच्या सगळ्या गाड्यांत ती आजही तिथेच आहे. कुठलीही कॅराव्हॅन बुक करण्याआधी आतले पडदे नंतर बघा, आधी वाकून टाकी कुठे आहे ते बघा.

ताफ्याचा नियमही त्यांचाच. सगळ्यात जड गाडी पुढे, तिच्या वेगाने बाकीच्या, आणि मिस्त्रींची गाडी शेवटी. तिच्यात प्रवासी नाही. सुटे पाटे, ते ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट, पाट्यांच्या मधोमध जाणारा सेंटर बोल्ट, पाटे दाबून धरायचा शिकंजा, दोन जॅक, जॅकखाली घालायच्या सागाच्या फळ्या, एवढंच. ही रिकामी गाडी पुण्याहून स्पितीतल्या काझापर्यंत न्यायची आणि परत आणायची म्हणजे डिझेल, टोल, परमिट, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं आलं. आमचा दर इतरांपेक्षा जास्त का, याचं उत्तर ती गाडी आहे.

आमच्याच ऑफिसात बुकिंग बघणाऱ्या एकाने स्वतःचा धंदा काढला आणि त्यात नेमकी तीच गाडी गाळली. लॉकडाऊन नुकता संपला होता. आमच्या गाड्या यार्डात, हप्ते चालू, मिस्त्री पगार न घेता रोज येऊन इंजिनं चालू करून बघायचे. लोक बाहेर पडायला लागले आणि हा आमच्या ग्राहकांची यादी घेऊन तिसरा हिस्सा कमी दराने उभा. जाहिरातीत फोटो आमचा! कुंझुम खिंडीतल्या देवीच्या मंदिराला प्रदक्षिणा घालणारा आमचाच ताफा, फक्त नंबरप्लेट पुसलेल्या. सात-आठ वर्षं आमच्याबरोबर येणाऱ्या कुटुंबांनी फोन करून 'तुम्हीही तेवढ्यात करा ना' म्हणावं, हे मी विसरलेलो नाही. एक गाडी विकायची बोलणी पक्की होत आली होती.

तेव्हा मिरजेच्या बाई उभ्या राहिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. प्रत्येक फेरीत कुठल्या नाल्याला किती वाजता किती पाणी होतं ते वहीत टिपून ठेवतात. ती वही आमच्या ड्रायव्हरांना पाठ आहे. त्यांनी पुढच्या हंगामाचं आपल्या अख्ख्या भिशी मंडळाचं भाडं आगाऊ पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, "पावती सावकाश द्या. मिस्त्रींना आधी पगार द्या." गाडी विकली नाही.

त्या हंगामात कुंझुम उतरून आम्ही बातलला मुक्काम केला. बातल ते ग्रामफू, म्हणजे मनालीचा रस्ता लागतो तिथपर्यंत, जेमतेम पन्नास किलोमीटर, पण सगळा गोट्यांचा रस्ता, शेजारी चंद्रा नदी, आणि वरच्या बर्फाचे नाले रस्त्यावरूनच वाहतात. ऊन चढलं की बर्फ वितळतं, दुपारनंतर पाणी वाढतं. म्हणून आम्ही उजाडता निघतो. वाटेतल्या छोटा दड्याच्या अलीकडे आमच्या त्या जुन्या बुकिंगवाल्याची गाडी तिरकी उभी दिसली. आदल्या दुपारी नाल्यात घातलेली. आत दोन कुटुंबं, लहान मुलं, रात्र तिथेच काढलेली.

मिस्त्री खाली झोपले. यू बोल्ट ढिले, त्यामुळे सगळा भार सेंटर बोल्टवर आलेला. तो तुटून ॲक्सल मागे सरकलेला, चाक मडगार्डला घासत होतं. पाण्याची टाकी आणि जनरेटर, दोन्ही मागच्या डिकीत. मिस्त्रींनी सागाच्या फळ्यांवर जॅक लावून चासी उचलली, यू बोल्ट सोडले, पाटे शिकंज्यात आवळून नवा सेंटर बोल्ट घातला, ॲक्सल टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ढकलत पुढे घेऊन बोल्टचं डोकं त्याच्या भोकात बसवलं, मग यू बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे करून कसले. बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात. बाईंनी मुलांना आमच्या गाडीत घेऊन उपमा खाऊ घातला. निघताना मिस्त्रींनी त्या ड्रायव्हरला बजावलं, "मनालीत पोचलास की पुन्हा आवळ. नवा बोल्ट पन्नास किलोमीटरला बसतो."

एका पैशाचं बिल केलं नाही. डोंगरात ते करायचं नसतं.

महिन्याभरात त्याची नवी जाहिरात आली : चार हजार मीटर उंचीवर आमच्या तज्ज्ञ टीमची सेवा. फोटोत मिस्त्री, गाडीखालून बाहेर येताना.

पुढची वर्षं चांगली गेली, गाड्या वाढल्या, बहुतेक जुने लोक परत आले. नवीन येणाऱ्यांना एक सांगतो. स्पितीला मनालीकडून चढू नका, शिमल्याकडून या. कल्पा, नाको, ताबो असं टप्प्याटप्प्याने चढलं की अंगाला उंचीची सवय होते आणि कुंझुमचा साडेचार हजार मीटरचा घाट शेवटी येतो. उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये या. आणि गाडी कुणाचीही घ्या, पण शेवटच्या गाडीत कोण बसणार आहे ते आधी विचारा.

मिस्त्रींचा तो फोटो अजून त्याच्या जाहिरातीत आहे. तो काढावा असं आम्ही लेखी कळवलं आहे, यंदाही कळवलं.