शुक्रवारचं बिल कुठं गेलं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत बिलिंग, स्टॉक आणि गेटवरचा वजनकाटा हे सगळं एकाच जुन्या टॉवर सर्व्हरवर चालायचं. विंडोज सर्व्हर २००३, बत्तीस बिटांचा, रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) ७३ जीबीच्या दोन स्कझी, म्हणजे जुन्या सर्व्हरांतल्या जातीच्या, डिस्क. सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेलं, आणि लिहिणारा कधीच पुण्याला निघून गेलेला. मायक्रोसॉफ्टनं १४ जुलै २०१५ ला २००३ चा सपोर्ट बंद केला तेव्हा मी मालकांना सांगून बघितलं होतं. "चालतंय की," एवढंच उत्तर.

मग एका डिस्कचा हिरवा दिवा पिवळा झाला. दोन्ही डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, होत्या म्हणून काम थांबलं नाही, पण आता सगळं एकाच डिस्कच्या जिवावर. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर मोल्डिंगच्या काळ्या वाळूची पूड, बोट फिरवलं की काजळ. तसली डिस्क बेळगावात मिळेना. कोल्हापुरात एकाकडे होती, तीही वापरलेली, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. मी म्हटलं, डिस्क नको, आख्खा सर्व्हरच व्हर्च्युअल करूया, म्हणजे त्याची नक्कल नव्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरमध्ये चालवूया. मालक म्हणाले, "कर, पण गेट बंद पडलं तर तूच ट्रक मोजायचास."

व्हर्च्युअल मशीन चालवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. वजनकाट्याची वायर सिरीयल पोर्टात जाते, आणि हायपर-व्ही व्हर्च्युअल मशीनचा कॉम पोर्ट खऱ्या पोर्टाला जोडतच नाही, नेम्ड पाइपला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्याच एका नळीला, जोडतं. प्रॉक्समॉक्स या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनचा, पोर्ट आत देता येतो. म्हणून मागच्या बाजूला सिरीयल पोर्ट असलेली एक असेंबल मशीन घेतली आणि तिच्यावर प्रॉक्समॉक्स टाकलं.

रविवारी सगळ्यांना बाहेर काढलं. फॉक्सप्रोच्या फायली कुणी उघड्या ठेवल्या असतील तर चालू डिस्कच्या कॉपीत अर्धवट नोंदी येतात, त्यामुळे सेवाही बंद केल्या. चालू डिस्कची नक्कल करणाऱ्या डिस्क२व्हीएचडीची जुनी आवृत्ती (नवी २००३ वर चालत नाही) लावून इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची नक्कल, यूएसबी डिस्कवर घेतली, ती प्रॉक्समॉक्समध्ये आयात केली, मशीन चालू केली. विंडोजचा लोगो आला, निळा पडदा चमकला, रीस्टार्ट. पुन्हा लोगो, पुन्हा निळा. वाचायलाच मिळेना. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून बघितला: स्टॉप एरर ७बी. एफ-८ दाबून ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद करता येतो हे दुसऱ्या दिवशी आठवलं.

७बी म्हणजे विंडोजला आपली बूट डिस्कच सापडत नाही. डिस्क मी व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला जोड) जोडली होती आणि २००३ ला त्याचा ड्रायव्हर ठाऊक नाही. ती आयडीई, म्हणजे जुन्या साध्या पीसीतल्यासारखी, केली. तरी ७बी! इथं माझी रात्र गेली. मी आधी इमेज खराब म्हणून पुन्हा घेतली, मग विंडोज कुठून चालू करायचं ते सांगणारी बूट.आयएनआय ही फाइल बघत बसलो. कारण भलतंच निघालं. जुन्या मशीनची डिस्क आयुष्यभर रेड कार्डावर, त्यामुळे बूट होताना लागणारा इंटेल आयडीईचा ड्रायव्हर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची वही) चालूच नव्हता. जुना सर्व्हर अजून जिवंत होता हे नशीब. त्याच्यावरच रजिस्ट्रीत इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई आणि अटापी या तिन्ही ड्रायव्हरांचा स्टार्ट ० केला, म्हणजे बूट होतानाच चालू, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसच्या (कुठल्या हार्डवेअरला कुठला ड्रायव्हर ते सांगणाऱ्या) नोंदी घातल्या, ड्रायव्हरच्या फायली सिस्टीम३२ मध्ये आहेत का बघितलं आणि मग तिसऱ्यांदा इमेज घेतली. पहिल्या झटक्यात लॉगिनचा पडदा.

आयपी पत्ता देताना विंडोज म्हणालं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते कार्ड दिसत मात्र नाही. जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचं भूतच ते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१' लिहून त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडला, लपलेली डिव्हायसेस दाखव म्हटलं आणि फिकट दिसणारी कार्डं काढून टाकली. रेड कार्डाची देखरेखीची सॉफ्टवेअरंही काढली, ती दर बूटला रडत होती. आमची प्रत व्हॉल्यूम लायसन्सची (कंपन्यांना एकगठ्ठा मिळणारी), म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं नाही. ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच आलेली, असती तर ते लायसन्स जुन्या डब्याबरोबरच जातं. नव्या मशीनला इंटरनेट मात्र तोडून टाकलं. काट्याची वायर जोडली, स्क्रीनवर वजन आलं. मी घरी जाऊन बारा तास झोपलो.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या शनिवारी रात्री पाऊस आला, लाईट गेली, यूपीएसही संपला. पहाटे लाईट आली. सोमवारी सकाळी गेटवरून फोन: काट्याचं वजन येईना. बिलं मात्र होत होती. मी तासभर सिरीयल पोर्ट चाचपत बसलो, वायर बदलली, कनेक्टर पुसला. वॉचमन आपणहून सांगायला आला, "मी काय केलो नाही सर."

तेवढ्यात अकाउंट्सचे काका चष्मा कपाळावर चढवून आले. "अरे, शुक्रवारचं बिल कुठं गेलं? मी स्वतः केलोय."

मी प्रॉक्समॉक्सचा पडदा उघडला. व्हर्च्युअल मशीन बंद! 'स्टार्ट अ‍ॅट बूट' ची खूण मी कधी लावलीच नव्हती. मग हे लोक सकाळपासून काम कशावर करूलेत? पाठीमागं कोपऱ्यात तो जुना टॉवर, पंखा घरघरतोय, पिवळा दिवा तसाच. त्याच्या बायोसमध्ये लाईट आली की आपोआप चालू व्हायची सेटिंग होती आणि 'असू दे, लागला तर' म्हणून नेटवर्कची वायर मीच लावून ठेवलेली. नाव तेच, पत्ता तोच. बिलं चालली होती आणि वजन येत नव्हतं, कारण काट्याची वायर आता नव्या मशीनला होती.

सकाळच्या १७ नोंदी जुन्यावर गेल्या होत्या. छापून घेतल्या, जुना बंद केला, त्याची पॉवरची आणि नेटवर्कची, दोन्ही वायरी उपसून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. काकांनी दुपारच्या जेवणाआधी सगळ्या नोंदी पुन्हा घातल्या. एकदाच म्हणाले, "सतरा. मी मोजलोय." ट्रक मोजायची पाळी आली नाही.