तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांची सही

"अक्का, वही पोरांनी ठेवली, निवेदन पोरांनी लिहिलं, ऑफिसात बोलली पण पोरंच. मग खाली सह्या सगळ्या मोठ्या माणसांच्या का?"

मी सोलापुरात पोरांची अभ्यासिका चालवते, तिथली पोरं गल्लीच्या अडचणींवर निवेदनं लिहितात. त्यावरून हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मला ओळखू येतो. कॉलेजातली पोरं विचारतात, एनएसएसचे सर विचारतात. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तर रिक्षाचे पैसे देता देता विचारलं. आणि मी दरवेळी वेगळं उत्तर दिलंय. एकदा म्हणाले, कायद्याचं असतं. (काही नसतं. साध्या निवेदनाला वय कोण विचारतंय?) एकदा म्हणाले, दहावीचं वर्ष असतं पोरांचं. एकदा चहा टाकते म्हणून आत गेले ते पाहुणे उठेपर्यंत बाहेरच आले नाही.

आता लिहूनच टाकते, म्हणजे परत परत चहा टाकायला नको.

आधी एक. पोरांना संधी मिळत नाही, हे रडगाणं माझ्यापुढं गाऊ नका. संधी ढिगानं आहेत. आपल्या सोलापुरात 12 जानेवारीला काय काय येतं बघा: विवेकानंदांचा जन्मदिवस म्हणून युवा दिन, जिजाऊ जयंती, आणि 1931 साली त्याच तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिलं म्हणून हुतात्मा दिन. त्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. त्या दिवशी शहरात हातात माईक नसलेलं पोरगं शोधावं लागतं. शिवाय एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आहे, युवा संसद आहे, 'माय भारत' या सरकारी युवा पोर्टलवर नाव नोंदवलं की आणखी काय काय आहे. युवा संसदेत आमची पोरं "अध्यक्ष महोदय" असं ठणकावून म्हणतात की ऐकत राहावं. फक्त तिथं झालेल्या ठरावाचं पुढं काय होतं, हे त्यांना विचारू नका.

आणि खरं मत म्हणाल, तर 2016च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे. कॉलेजात निवडणूक बघितलेलं एकही पोरगं माझ्या अभ्यासिकेत आजवर आलेलं नाही. महापालिकेचं घ्या. फेब्रुवारी 2017ला मतदान झालं, मार्च 2022ला मुदत संपली, प्रशासक बसले आणि पुढचं मतदान थेट 15 जानेवारी 2026ला. 2017च्या मतदानानंतर महिन्याभरात ज्याला अठरा पूर्ण झाली, त्याला आपल्या प्रभागासाठी पहिलं मत द्यायला सत्ताविशीच्या उंबऱ्यावर यावं लागलं. नगरसेवक व्हायला एकवीस पूर्ण लागतात. म्हणजे निवडून यायचं वय आधी झालं, मत द्यायची पाळी नंतर आली.

हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं मी विषय लांबवायला लिहितेय. विचारलं होतं सहीचं.

12 जानेवारी 2018. अभ्यासिकेत हुतात्मा दिनाचा छोटा कार्यक्रम होता आणि मी बोलले. मी फार चांगलं बोलते, असं तेव्हा लोक म्हणायचे. मी म्हणाले, "कुर्बान हुसेन विशीतले होते. ते फासावर गेले आणि तुम्हाला नळाचं पाणी मागायची भीती वाटते?" टाळ्या. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. समोर आठवी-नववीची पोरं सतरंजीवर बसली होती. बहुतेकांच्या घरी रात्री पाण्याची पाळी होती.

पुढच्या आठवड्यात एक सोळा वर्षांची पोरगी दोनशे पानी वही घेऊन आली. तिचं नाव इथं लिहीत नाही. का ते कळेलच. पोरं तिला वहीवाली म्हणायची. रेघा मारून पाच रकाने केले होते: तारीख, पाणी आलं, पाणी गेलं, घागरी, शेरा. उजनी धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं, आपल्याकडं तेव्हा पाणी चार-पाच दिवसांआड, हे काय सांगायचं. पण आमच्या गल्लीला नेमकं किती मिळतं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तिनं दहावीची परीक्षा देत देत 11 आठवडे लिहिलं, 19 पाळ्या. रात्री दीडला उठून, घड्याळ बघून. मागच्या गल्लीतली मैत्रीण तिथलं लिहायची. शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणा असा: "लाइट नव्हती." "शेजारी मोटार लावली." एका ठिकाणी, "मी झोपले, आईनं भरलं, वेळ अंदाजे." मागच्या गल्लीला सरासरी एक तास चाळीस मिनिटं, आम्हाला पन्नास. व्हॉल्व एकच, चावीवाला एकच.

निवेदनावर 31 सह्या झाल्या. "वही तुझी, पहिली सही तुझी," असं मी तिला म्हणाले. मी. तिनं मागितलं नव्हतं.

निवेदन गेल्यावर वस्तीतले एक माननीय आले. बैठक भरली, सतरंज्या पडल्या. पोरीला उभं केलं. ती चार मिनिटं बोलली, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, वही छातीशी धरून. माननीय ऐकत होते, मधे मान हलवत होते. झाल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं, शंभराची नोट हातावर ठेवली, फोटो झाला. आणि मग शेजारच्याकडं वळून हसत हसत विचारलं, "कुणाची पोरगी ही?"

मला वाटलं, कौतुकानं विचारतायत. शपथेवर सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील ज्या कारखान्यात माग चालवायचे, तिथं मालकानं एवढंच म्हटलं, "पोरगी लीडर झाली म्हणं तुझी." शिवी नाही, धमकी नाही. ती दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेत यायची बंद. मग पंधरा दिवसांनी तिची आई आली. ती विड्या वळायची. तिनं काही न बोलता आपलं विड्यांच्या हिशेबाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि आकड्यांवर बोट फिरवलं. हजारामागं आधी पन्नास-साठ विडी छाट, म्हणजे नापास, निघायची, आता दीडशे. छाट विडी परत मिळत नाही, मजुरी पण नाही. पान-तंबाखूचा हिशेब मात्र बाईच्या डोक्यावर.

"पोरगी शिकायला पाठवली होती, अक्का," ती म्हणाली. "तुमच्या नावावर होऊ द्या की ते पाण्याचं. तुम्हाला कोण काय करतंय?"

बरोबरच होतं तिचं. माझ्या नवऱ्याला पगार आहे, घर स्वतःचं आहे, ज्यांच्याकडं निवेदन द्यायचं त्यांच्यातल्या दोघांच्या पोरांना मी शिकवलंय. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी पत्र लिहिलं: "उपरोक्त निवेदनातील अनुक्रमांक 1ची सही अनवधानाने झाली असून ती ग्राह्य धरण्यात येऊ नये." खाली माझी सही. दुसरी प्रत घेऊन गेले, तिच्यावर आवकचा शिक्का मारून घेतला. आवक शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी, हे मीच पोरांना शिकवते.

ती प्रत मी फायलीत लावली. फाइल कोण सांभाळायचं? तीच. महिन्याभरानं पुस्तकं परत करायला म्हणून आली, तेव्हा तिनं ती काढली आणि टेबलावर माझ्यापुढं ठेवली. त्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"अनवधानानं म्हणजे काय, अक्का?"

"चुकून," मी म्हणाले.

"मी चुकून केली नव्हती."

एवढंच. पुस्तकं ठेवली आणि गेली.

तेव्हापासून माझा नियम: अठराच्या आतली सही नाही. वही ठेवा, मोजा, निवेदन लिहा, लोकशाही दिनाला महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्याबरोबर कलेक्टर ऑफिसला चला. माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत कसा बसवायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प कुठं चिकटवायचा, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील कुणाकडं, सगळं शिकवते. पूनम गेटसमोर कुणी उपोषणाला बसलं असेल तर लांबून दाखवते पण. नाव मात्र माझं, नाहीतर कुणा आजोबांचं.

लॉ कॉलेजचा एक पोरगा मला म्हणाला, "संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं 1992ला मान्य केला. कलम 12: पोराला त्याच्या बाबतीतल्या गोष्टीत मत मांडायचा हक्क आहे आणि ते वयाप्रमाणं विचारात घ्यायला पाहिजे. तुम्ही अडवलालाव." मी त्याला विचारलं, "कलम 12 छाट विडीची मजुरी देतं का बे?" तो गप्प बसला. मी जिंकले. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की हे उत्तर नव्हतं, हा त्याला गप्प करायचा प्रकार होता. माननीयांनी शंभराची नोट दिली, मी टोमणा दिला.

(आमच्या गल्लीचं पाणी पुढं वीसेक मिनिटांनी वाढलं. कशामुळं, कुणालाच ठाऊक नाही. वहीमुळं म्हणावं तर तोवर वही बंद झाली होती.)

आता यंदाचं. 15 जानेवारीला, मतदानाच्या दुपारी, दारात वहीवाली. आता पुण्यात अकाउंट्सला आहे. चोवीस वर्षांची, महापालिकेचं पहिलं मत देऊन आलेली, बोटावर मार्करची शाई. आदल्या दिवशीची संक्रांत, म्हणून मी शेंगापोळी पुढं ठेवली. इकडचं तिकडचं झालं. मग मीच विषय काढला. माफी मागायची होती बहुतेक. मी म्हणाले, "तुझ्या आईच्या विड्या माझ्यामुळं..."

"त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच छाट होत होत्या, अक्का. पानच खराब आलं होतं."

मी बघतच राहिले. आठ वर्षं मी ज्या एका गोष्टीवर नियम उभा केला, ती पान खराब आलं म्हणून?

"आई अजून म्हणते, त्या माननीयांमुळंच," ती पुढं म्हणाली. "ते मला माहीत नाही. त्यानं 'कुणाची पोरगी' विचारलं, त्याचा मला राग नाही आला. सगळेच विचारतात. तुम्ही मला न विचारता लिहून दिलंत."

इथं मला चिडायला झालं. खोटं कशाला बोलू. "तू सोळाची होतीस," मी म्हणाले. "घरभाडं कोण भरत होतं? मी विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मी काय करायचं होतं? तुझ्या आईला काय सांगायचं होतं?"

तिनं शेंगापोळीचा तुकडा मोडला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला पण नाही माहीत. पण विचारायचं होतं."

गेली तेव्हा पाया पडून गेली. त्यावरून काही ठरवू नका, इकडं सगळेच पडतात.

तर तुम्ही विचारलंत. काम पोरांचं आणि नाव मोठ्यांचं, हे बरोबर आहे का? नाही. पोराचं नाव पुढं करून नंतर त्याच्या घरच्यांना एकटं सोडणं बरोबर आहे का? ते पण नाही, आणि ते मी केलंय. 2018ची मी भेटले तर तिच्या हातातला माईक आधी काढून घेईन. पण तिनं तो माईक धरला नसता तर ती वही पण झाली नसती, हे ती मला सुनवेल, आणि मग मी चहा टाकायला आत जाईन.

काल एका नववीतल्या पोरानं गल्लीतल्या बंद दिव्यांचं निवेदन आणून दिलं. खांबांचे नंबर घालून, कुठला दिवा किती दिवस बंद ते लिहून. छान लिहिलंय. सह्या अनुक्रमांक 2 पासून घेतल्यात, 1 मोकळा. का रे, म्हटलं तर म्हणतो, "तुम्ही ठरवा, अक्का."

त्याची आई आठला कामावरून येते. कागद उद्या द्यायचाय. आधी तिच्याकडं जाऊ की आधी त्याच्याशी बोलू, एवढं पण अजून ठरत नाहीये. कागद टेबलावर आहे, वर पेपरवेट.