बकिंगहॅम पॅलेसची गार्डन पार्टी: हॅटवर पैसे घालवू नका

राजवाड्याच्या बागेतल्या या चहापार्टीला हॅट लागतेच, असं मला तीन जणींनी सांगितलं होतं. तिघींचंही चुकीचं निघालं, आणि त्यापायी माझे ५५ पौंड गेले.

मी लेस्टरजवळच्या एका वुमेन्स इन्स्टिट्यूटची, म्हणजे इथल्या महिला मंडळाची, सभासद. मंडळातर्फे कोणी जायचं याची चिठ्ठी टाकली, त्यात माझं नाव आलं. या पार्टीचं तिकीट मिळत नाही, स्वतःहून अर्जही करता येत नाही. संस्थेने नाव सुचवावं लागतं. त्यामुळे आनंद खूप झाला आणि त्या आनंदात मी आमंत्रणासोबतचा कागद नीट वाचलाच नाही. गावातल्या दुकानातून हॅट भाड्याने घेतली. परत देताना कडेला वळ पडलाय म्हणून अनामत रकमेतले २० पौंड वेगळे कापले. वळ आधीचाच होता. भाड्याने घ्यायचीच असेल, तर दुकानातच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनवरून भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन पकडली की बदलाबदली न करता व्हिक्टोरिया स्टेशन. टॅक्सी करू नका. इथपर्यंत काहीच त्रास नाही.

त्रास ग्रोव्हनर प्लेसवर. एका बाजूला राजवाड्याच्या बागेची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला अखंड गाड्या, आणि मधल्या फुटपाथवर आपली रांग. बसायला काही नाही, सावली नाही, स्वच्छतागृह थेट आत गेल्यावरच. दारं तीनला उघडतात. मी पावणेदोनलाच जाऊन उभी राहिले, ही चूक. अडीचला गेलात तरी चालतं, कारण रांग आत लवकर सरकते. स्टेशनवरच स्वच्छतागृहात जाऊन या. प्रवेशपत्र आणि फोटो ओळखपत्र हातात तयार ठेवा.

रांगेत पुढे हिरव्या पैठणीतली एक बाई होती. काठ घोट्याच्या वर, पायात सपाट चपला, पदर खांद्याला पिनेने पक्का. मी विचारलं, "ताई, हॅट नसली तर चालतं?"

"कागदावर लिहिलंय की. राष्ट्रीय पोशाख चालतो. वाचलं नाही तुम्ही?"

म्हणून सांगते, साडीच नेसा. पण टाचेच्या चपला अजिबात नकोत. बाग जवळपास ४० एकर, सगळी मऊ हिरवळ. माझी टाच दर पावलाला मातीत रुतायची आणि प्रत्येक वेळी वाकून ओढून काढावी लागायची. सहा वाजेपर्यंत पिंढऱ्या भरून आल्या.

चारच्या सुमाराला राजे चार्ल्स पायऱ्यांवर आले, राष्ट्रगीत झालं आणि गर्दीत मोकळ्या वाटा पाडल्या गेल्या. आता ठरवायचं, राजा की चहा? दोन्ही निवांत मिळत नाहीत, आठ हजारांच्या आसपास माणसं असतात. आपल्याशी राजा बोलेल ही आशा धरू नका. कोणाला भेटवायचं ते तिथले अधिकारी आधी हेरून ठेवतात. मी पाऊण तास वाटेच्या कडेला उभी होते. राजे माझ्यापासून दोन हातांवरून गेले आणि डावीकडच्या एका नर्सशी बोलले. तिचा हात थरथरत होता आणि तिच्या हातातली पर्स सारखी हलत होती. माझ्याशी एक शब्दही नाही, तरी माझा ऊर भरून आला. उंची कमी असेल तर पहिल्या ओळीत जागा मिळाली तरच थांबा. मागे उभं राहून फक्त टोप्या दिसतात. त्यापेक्षा सरळ चहाच्या तंबूकडे जा, राजा वाटेत असताना तिथली रांग छोटी असते.

काकडीचे सँडविच चांगले, केक चांगले. चौकोनी ताटलीत कपासाठी खाच असते, त्यामुळे एका हातात सगळं मावतं. शाकाहारी असाल तर प्रत्येक वस्तू विचारून घ्या.

बागेतल्या तळ्याकडे आणि वॉटर्लू व्हास या मोठ्या संगमरवरी कलशाकडे जायला मला वेळ उरला नाही. तुम्ही साडेतीनच्या आतच तिकडे जाऊन या. परतीसाठी पिशवीत मऊ चपलांचा जोड नक्की ठेवा, मी व्हिक्टोरियापर्यंत अनवाणी चालले.