डावं दार लहान होतं

आमच्या वर्कशॉपात बाबांच्या वाट्याला लाकूड आणि माझ्या वाट्याला कागद, अशी वाटणी आहे. दुकान कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. गिऱ्हाईक येतं, मोबाईल पुढे करतं, "सेम असंच पाहिजे" म्हणतं. त्या फोटोवरून मापं काढायची, कॉम्प्युटरवर स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग करायचं, तुकड्यांची यादी लिहायची आणि मिस्त्रींच्या हातात द्यायची, हे माझं काम. इंटिरियरचा डिप्लोमा संपवून "आता मी दुकानातच बसतो" असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा नुसतेच हसले होते. (कोल्हापुरात आम्ही मुली बोलताना बसतो-उठतोच म्हणतो. लिहिताना तेवढं बसते-उठते लिहिते, नाहीतर पुण्याची मंडळी गोंधळतात.)

एक जुनी फजिती आधी सांगून टाकते. कामाला लागले त्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचा तयार प्लॅन आणला होता, अमेरिकेतला. सुंदर आखलेला, सगळं इंचात. पायांना लाकूड "2 बाय 4". मी टिंबर मार्केटच्या वखारीतून 2 इंच बाय 4 इंच लाकूड चिरून आणवलं. पाय झाले, चौकट झाली आणि विकत आणलेले तयार ड्रॉवर आत जाईनात. दोन पायांमधली जागा बरोब्बर एक इंच कमी. नंतर कळलं की तिकडं 2 बाय 4 हे नुसतं नाव आहे. वाळवून, रंधून हातात येतं ते दीड इंच बाय साडेतीन इंच. म्हणजे एका पायाला अर्धा इंच, दोन पायांना एक. आपल्याकडं वखारवाला सांगाल तेवढं चिरून देतो, त्यामुळे असली शंका मनाला शिवलीच नाही. मिस्त्रीमामांनी चारही पाय गुमान रंधून बारीक केले आणि चहा पिताना एवढंच म्हणाले, "कागदावरचा इंच कुठल्या गावचा हाय, ते तरी इचारायचंस गं."

मामा सुतातच बोलतात. एका इंचाची आठ सुतं. मी मिलिमीटरमध्ये लिहिते, ते कागदाच्या कडेला पेन्सिलीनं सुतं मांडतात. करवतीच्या पात्याची जाडी साधारण 3 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सूत. आठ बाय चार फुटी प्लायमधून पाच पट्ट्या काढायच्या तर चार काप, चार सुतं, अर्धा इंच भुसा. पहिल्या वर्षी हेही मी धरत नसे.

तर ही गोष्ट 2020 च्या फेब्रुवारीतली. एक मुलगा आला, एमआयडीसीत नोकरीला. आजीला जाळीचं कपाट करून पाहिजे होतं, जुनं होतं तसंच. फ्रिज येण्याआधी कोल्हापुरात घराघरांत हे कपाट असायचं. दारांना आणि बाजूंना बारीक तारेची जाळी, आत दूध, दही, लोणी. चारी पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. यांच्या घरी दुधाचा धंदा होता, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात, तिथं म्हशी घेऊन जायचे, त्यामुळे कपाट मोठं होतं. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात ते गेलं.

गेलं म्हणजे वाहून नाही गेलं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 च्या वर चढलं. यांच्या माजघरात साडेचार फूट. कपाट सागवानी, फुगलंही नव्हतं, जाळी गंजली आणि चिखल बसला इतकंच. पण पाणी ओसरल्यावर सगळी गल्ली जसं सामान बाहेर फेकत होती, तसं नातवंडांनी तेही गाद्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत चढवलं. आजी तेव्हा लेकीकडं होत्या. "परत आल्यावर पहिलं तेच विचारलं," मुलगा म्हणाला आणि गप्प झाला.

त्याच्याकडं कपाटाचा एकच फोटो. घरातल्या कुणाच्या तरी बारशाचा, माणसं पुढं, कपाट मागं. डावी खालची बाजू पाळण्यानं झाकलेली. त्यानं फ्रेमचा मोबाईलवर काढलेला फोटो मला पाठवला आणि मी त्याच रात्री ड्रॉइंग करून टाकलं. कपाटाच्या पुढच्या कडेला खेटून एक फेटेवाले गृहस्थ उभे होते. त्यांना साडेपाच फुटी धरलं आणि त्या हिशेबानं कपाटाची उंची काढली, 5 फूट 4 इंच. दोन दारं. डावं फोटोत जरा अरुंद दिसत होतं, पण कॅमेरा उजवीकडं होता, लांबची बाजू लहान दिसणारच, म्हणून मी दोन्ही दारं सारखी केली. सतरा-सतरा इंच. छान दिसत होतं. प्रिंट काढली.

दुसऱ्या दिवशी खरं तर नुसतं ड्रॉइंग दाखवून सही घ्यायला जायचं होतं. मामा म्हणाले मी पण येतो, गंगावेशीत दूध पिऊन येऊ.

घर नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत. भिंतीवर छातीच्या वर पुराची रेघ अजून दिसत होती, नव्या चुन्यातूनही. आजी माजघरात पाटावर बसल्या होत्या. मी कागद पसरला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि बोट ठेवलं.

"ह्ये डावं दार ल्हान हुतं."

"आजी, ते फोटोत तसं दिसतंय. लांबचं लहान दिसतं."

"दिसतंय न्हवं, हुतंच ल्हान. आन् येवढं उच्चं बी न्हवतं."

मी म्हटलं, फेट्याचे गृहस्थ साडेपाच फूट धरलेत. आजी हसायला लागल्या. "आमचं मालक ते! पाच फुटाच्या वर एक बोट न्हवते. फेटा बांधला की उच्चं वाटायचे."

मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हसत होते हे पाठीवरूनही कळत होतं.

मग मात्र मी कागद गुंडाळला आणि टेप काढली. कपाट गेलं होतं, पण ते जिथं उभं होतं तो कोपरा होताच. फोटोत कपाटाच्या उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा दिसत होता. तो अजून तिथंच, आत पणती. मोजला, उंची दीड फूट. फ्रेम खाली उतरवून घेतली. दहा बाय बारा इंचांचा मोठा केलेला फोटो, पट्टी ठेवून मोजता येईल असा. त्यात कोनाडा 30 मिलिमीटर भरला. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे भिंतीवरचा 0.6 इंच. कपाटाची पुढची कड फोटोत 104 मिलिमीटर. गुणाकार केला, 62 इंचांच्या थोडं वर. पाच फूट दोन.

"न्हाई," आजी म्हणाल्या.

मला राग यायला लागला होता. पण चूक माझीच होती, आणि ती मामांच्या लक्षात आली नाही, माझ्याच आली, हे लिहून ठेवते. कोनाडा भिंतीत आहे. कपाटाची पुढची कड भिंतीपासून सव्वा फूट पुढं, कॅमेऱ्याच्या जवळ. जवळचं मोठं दिसतं. भिंतीची पट्टी लावून पुढची कड मोजायचीच नाही. भिंतीला लागून आहे ती मागची कड मोजायची. उजवी बाजू फोटोत तिरपी दिसत होती, मागचा पायही. ती कड भरली 97 मिलिमीटर, म्हणजे 58 इंच. चार फूट दहा.

आजींनी मान डोलावली. मी मनातल्या मनात त्या फेट्यातल्या आजोबांना पाच फुटी धरून रात्रीचा हिशेब पुन्हा केला. तोही चार फूट दहाच आला.

रुंदी आणि खोली तर आयतीच मिळाली. मामा गुडघ्यावर बसून शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसत होते. तीन ठिकाणी पांढरट गोल उमटले. पाण्याच्या वाट्या वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवल्याच्या खुणा, क्षार बसलेले. चौथा गोल नव्या सिमेंटच्या ठिगळाखाली गेला होता, पण तीन मिळाले की चौथा काढता येतो. मधोमध ते मधोमध 34 इंच आणि 13 इंच. दोन इंची पाय धरले की बाहेरून बाहेर तीन फूट बाय सव्वा फूट. कचऱ्यात गेलेल्या कपाटाचं माप इतकं नेमकं मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्या गोलांचे फोटो काढत बसले. मामांनी खिशातून खडू काढून सरळ फरशीवरच कपाटाचा आराखडा आखला.

राहिलं डावं दार. आराखड्याच्या डाव्या हाताला खोलीचा कोपरा, आणि त्या बाजूच्या भिंतीत स्वयंपाकघराचा दरवाजा. जुनी चौकट, भिंतीच्या बाहेर तीन इंच आलेली. मामांनी पंचा घेतला, आराखड्याच्या डाव्या टोकाशी एक टोक धरलं आणि सतरा इंचांवर गाठ मारून दार उघडावं तसा फिरवला. गाठ चौकटीवर आपटली. दार काटकोनातही उघडलं नसतं. चौदा इंचांवर गाठ मारली तेव्हा पंचा भिंतीशी सपाट बसला आणि चौकट दोन इंच पुढं राहिली.

"आत-भाईर करणाराच्या कमरंला लागाय नको म्हून," आजी म्हणाल्या, जणू हे सगळ्या जगाला माहीत असतं. "मालकांनी सुताराला हितं उभं करून करून घेतलं हुतं."

डावं दार चौदा, उजवं वीस. गणित तर मी रात्री बसल्या जागीसुद्धा करू शकले असते. तीन फुटी कपाट पंधरा-अठरा फुटांवरून बघताना लांबच्या दारात एवढा फरक पडतच नाही, फार तर एखादा इंच. मी ते केलं नाही, कारण सारखी दारं मला बरी दिसली.

त्या दिवशी माझ्याकडून एकच गोष्ट नवी घातली गेली. पुराच्या वेळी कपाट माडीवर का नेलं नाही, असं मी विचारलं होतं. जिना दाखवला त्यांनी, सव्वादोन फूट रुंद आणि मधेच वळलेला. अख्खं कपाट तिथं वळणार नाही. मग मी म्हटलं, फळ्यांची कुसवं, म्हणजे टोकांच्या जिभा, बाजूंच्या चौकटींतून आरपार काढू आणि बाहेरून पाचरी मारू. वरच्या फळीला चार, खालच्या फळीला चार. दारांना उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या. पाचरी ठोकून काढल्या की बाजू, फळ्या, दारं सगळं सुटं, दोन माणसं वर नेतील. आजींना आधी ते पटेना, जुन्याला पाचरी नव्हत्या. बराच वेळ त्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भिंतीकडनं काढाय हात जाईल न्हवं?"

कपाट कोपऱ्यापासून दोन इंच सुटं उभं राहायचं, हे खुणांवरून कळलंच होतं. पाचरी त्याहून कमी बाहेर ठेवायच्या ठरल्या. मामांनी तेवढ्यात दारांतल्या फटीवरून माझ्याशी वाद घातला. मी दोन मिलिमीटर लिहिलेले, त्यांना पुरतं एक सूत हवं. सागवान असलं तरी आषाढात रुंदीत थोडं फुगतंच. लांबीत वाढत नाही म्हणण्याइतकंच. चौकटीचं दार म्हणजे फक्त उभ्या पट्ट्यांची रुंदी फुगणार, फार नाही, असं माझं म्हणणं. शेवटी सूतच ठेवलं. दूध प्यायचं राहून गेलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कपाट बसवून दिलं. डावं दार चौकटीच्या अलीकडं दोन इंचांवर थांबलं. आजींनी त्याकडं बघितलंही नाही, वाट्या आणायला आत गेल्या.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. पूर ओसरल्यावर नातवाचा फोन आला. कपाट माडीवर नेलं होतं, सगळं सुखरूप. फक्त खाली आणून जोडताना आठातल्या सातच पाचरी सापडल्या. एक पाचर करून द्या, ड्रॉइंगमध्ये माप असेलच. मी फाईल उघडली. बाजू, फळ्या, कुसवं, जाळीवरच्या पट्ट्या, सगळ्यांची मापं होती. पाचरीपुढं मामांच्या पेन्सिलीवरून मी तेव्हा टाईप केलं होतं, "ठोकून बसंल तेवढी."