आळंदी ते पंढरपूर, सायकलवरून : शिखर शिंगणापूरच्या वळणासह

आषाढी वारीच्या गर्दीत सायकल चालवता येत नाही आणि चालवूही नये, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग सायकलने करायचे ठरले, तेव्हा मी पौष महिना निवडला. रस्ता मोकळा असतो, सकाळी हवा गार असते आणि गावोगावी राहण्याची सोय सहज होते. तयारी करताना चढ-उताराचे नकाशे पाहिले, गिअरचे हिशेब केले. परंतु रस्त्याचा स्वभाव कळायला सर्वांत अधिक उपयोग झाला तो पालखीच्या दरवर्षीच्या वेळापत्रकाचा. ते पायांसाठी आणि बैलांसाठी बसवलेले असल्यामुळे कुठे दम लागतो, कुठे पाणी आहे आणि कुठे जमीन सपाट आहे, हे सारे त्यातील रूढींमध्येच नोंदलेले आढळते.

दिवे घाटाचेच पाहा. या चढणीला माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, एवढे माहीत असले की चढाच्या टक्केवारीची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. वडकी मागे पडल्यावर मी पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चक्री लावली आणि वर पोहोचेपर्यंत ती बदलली नाही. घाटात उभे राहून पेडल मारण्याचा मोह होतो, परंतु मागे सामानाच्या पिशव्या असताना उभे राहिले की सायकल डावी-उजवीकडे झोके खाते आणि ताकद वाया जाते. बसून, लहान गिअरवर, बोलता येईल इतक्याच श्वासाने चढणे हा माझ्या मते एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे. खाली मस्तानी तलाव दिसू लागला की बरीच उंची गाठलेली असते आणि माथ्यावरची विठ्ठलाची भव्य मूर्ती दिसली की घाट संपतो.

या मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. त्यातून झालेल्या रुंद रस्त्यामुळे सायकलस्वाराला कडेने सुरक्षित जागा मिळाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली आणि दुपारी अकरानंतर सावलीसाठी पुलाखाली किंवा टपरीच्या पत्र्याखाली थांबण्याची वेळ येते. पायी चालणाऱ्यांना ते किती जाणवत असेल, याचा विचार सायकलवरही मनात येत राहतो.

सासवडला सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन पुढे निघालो. सासवड ते जेजुरी सुमारे १६ किलोमीटर आणि जेजुरी ते वाल्हे सुमारे १२ किलोमीटर, अशा पालखीच्या या दोन मजला सायकलवर एका सकाळीही होतात. इथेच सायकलस्वाराला एक निर्णय घ्यावा लागतो. अंतर कापत गेले तर पंढरपूर फार लवकर येते आणि मधली गावे केवळ पाट्यांपुरती उरतात. मी असे ठरवले होते की पालखीच्या प्रत्येक मुक्कामाच्या गावात निदान चहापुरते तरी उतरायचे, आणि तो नियम शेवटपर्यंत पाळला. वाल्ह्यापुढे रस्ता एकंदरीत उतरत नीरा नदीपर्यंत जातो. जिथे खोरे सर्वांत खोल आहे, तिथेच पादुकांना नीरास्नान घालतात आणि मग पालखी पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात शिरते.

नीरेपासून पुढे फलटणपर्यंत चढ फारसा नाही. लोणंदपुढे चांदोबाचा लिंब येथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. घोडा दौडवता येईल अशी जमीन असल्याशिवाय रिंगण लावणार कुठे? या पट्ट्यात खरा त्रास दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे वारा. आषाढात तो पश्चिमेकडून, म्हणजे वारकऱ्यांच्या पाठीमागून येतो. हिवाळ्यात तो पूर्वेकडून वाहतो आणि पंढरपूरला जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. दुसरी म्हणजे ऊस. पौषात गाळप हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे आणि मागे दिव्याचा पत्ता नाही, अशा रस्त्यावर अंधारात सायकल चालवायची नाही, हे मी आधीच ठरवले होते आणि इतरांनाही तेच सुचवीन.

बरडच्या पुढे मागचे चाक बसले. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे बाभळीला तोटा नाही. मी ट्यूब बदलून हवा भरू लागलो, तेव्हा शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “पाव्हणं, काटा काढला का? वरनं दिसायचा न्हाई, आतनं बोट फिरवा.” मी टायर पुन्हा उतरवून आतल्या बाजूने सावकाश बोट फिरवले, तेव्हा अगदी साळीच्या दाण्याएवढे काळे टोक हाताला लागले. ते बाहेरून पूर्ण मोडलेले असल्यामुळे डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. त्यांनीच खिशातला चिमटा काढून दिला. शेळ्यांच्या खुरातले काटे काढण्यासाठी तो जवळ असतो, असे ते म्हणाले.

नातेपुत्यावरून मी पालखीमार्ग सोडून शिखर शिंगणापूरकडे वळलो. महादेवाच्या डोंगररांगेतील हे ठाणे समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटर उंचीवर असून भोसले घराण्याचे हे कुलदैवत आहे. पायथ्याजवळचा तलाव मालोजीराजांनी बांधला. इकडे येण्याची जुनी वाट वारीची नव्हे, तर कावडींची आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडहून येणारी भुतोजी तेल्यांची कावड कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटातून वर चढवतात. पाण्याने भरलेली ती जड कावड, एकमेकांचे हात धरून केलेली माणसांची साखळी आणि “हर हर महादेव”चा गजर यांच्या बळावर ती कडा पार करते. मुंगी घाटाच्या तोंडाशी जाऊन मी वर पाहिले. तिथून सायकल नेणे तर दूरच, रिकाम्या हाताने चढतानाही दोन्ही हात लागतील. मी मुकाट्याने डांबरी घाटरस्ता धरला. दिवे घाटाच्या तुलनेत इथे वाहने तुरळक, परंतु वळणांवर चढ एकदम अंगावर येतो. दोन ठिकाणी मी उतरून सायकल ढकलली, आणि त्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. खरी काळजी परतीची होती. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापतात, म्हणून दाबून-सोडून, मधून मधून थांबून खाली आलो. निघण्यापूर्वी नवीन ब्रेक पॅड घातले होते, त्यांचे चीज इथे झाले.

माळशिरसकडे जाताना पुरंदवडे येथे गोल रिंगणाची जागा लागते. एरवी ते साधे मोकळे रान आहे. वेळापूरजवळचा उतार मात्र विसरता येत नाही. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी इथे धावा करतात. साऱ्या वाटेवर पायी माणूस स्वतःहून वेग घेतो ती जागा उताराचीच असावी, हे सायकलवरून फार चांगले समजते. मीही तिथे पेडल थांबवले आणि समोरचा वारा असूनही सायकल आपोआप पळाली.

भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. शहरात शिरताना उतरून चालणेच सोयीचे, कारण गल्ल्या अरुंद आहेत. सायकल मुक्कामाच्या मठात ठेवली. तिथल्या व्यवस्थापकांनी “माउली, साखळी लावा बरं का” एवढेच बजावले. मुखदर्शनाची रांग त्या दिवशी लहान होती.

परत सायकलनेच जावे, असे वाऱ्याकडे पाहून वाटले होते, कारण आता तो पाठीमागून मिळाला असता. परंतु सुटी संपत आली होती. स्थानकावर पुढचे चाक काढून सायकल एसटीच्या डिकीत आडवी ठेवली, मागच्या गिअरखाली घोंगडीची घडी सरकवली आणि कंडक्टरसाहेबांकडून तिचे लगेजचे तिकीट घेतले.